दीर्घिकांचे आकार काळानुसार कसे बदलतात: चित्रांवरून मोजणी आणि तिथल्या खाचाखोचा

चतुःशृंगी (धागाकर्ता)

'दीर्घिका (गॅलेक्सी) मोठी होते' म्हणजे नेमकं काय होतं, यावरून परवा दुसऱ्या धाग्यावर बरीच खडाजंगी झाली. तिथे अवांतर वाढवण्यापेक्षा हा वेगळा धागा काढतोय. पुण्यात बीएस्सी-एमएस्सीची बरीच मुलं हबल आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींची खुली चित्रं उतरवून प्रकल्प करतात, त्यांच्या कामी येईल अशा बेताने लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

एकाच दीर्घिकेचा आकार बदलताना कुणालाच दिसत नाही. सूर्याला आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक फेरी मारायलाच वीस-पंचवीस कोटी वर्षं लागतात. आपल्या हाती असतात ते वेगवेगळ्या काळातले वेगवेगळे जमाव. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं धरलं, तर ताम्रसृती (रेडशिफ्ट: विश्व प्रसरण पावल्याने प्रकाशाची तरंगलांबी १+ताम्रसृती पट ताणली जाते) ०.५ म्हणजे साधारण ५०० कोटी वर्षांपूर्वीचा प्रकाश, १ म्हणजे ७८० कोटी, २ म्हणजे १,०४० कोटी आणि ४ म्हणजे १,२२० कोटी. या जमावांमधून 'हिचीच पुढे ती झाली' असं ठरवणं सगळ्यात नाजूक. प्रकल्प मोजणीत कमी आणि इथे जास्त घसरतात.

ढोबळ इतिहास असा. ताम्रसृती ३-४ च्या काळात दीर्घिका लहान, वायूने भरलेल्या आणि आतून घुसळलेल्या. ताऱ्यांच्या निर्मितीचा वेग ताम्रसृती २ च्या आसपास शिगेला पोचतो, आजच्या जवळजवळ दसपट. तिथून तो उतरत आलाय. आज दिसणाऱ्या ताऱ्यांपैकी निम्मं वस्तुमान ताम्रसृती १.३ च्या आधीच तयार झालं होतं. नंतरच्या काळात तबकड्या पातळ आणि शिस्तशीर होत जातात, मोठ्या दीर्घिका आधी थंडावतात (तारे बनणं थांबतं), लहान मागाहून.

हबलची १९२६ ची वर्गवारी आणि १९३६ मधली ती नादकाट्याची (ट्यूनिंग फोर्क) आकृती, डावीकडे लंबवर्तुळाकार आणि उजवीकडे सर्पिल, हा जीवनक्रम नव्हे. दीर्घिका डावीकडून उजवीकडे सरकत जातात असं अजूनही काही गाइडांमध्ये छापलेलं असतं. आकार खरंच बदलतो तेव्हा बहुतेक वेळा उलटाच प्रवास होतो. सर्पिल दीर्घिकेचा वायू गेला की ती भिंगाकार होते, दोन सर्पिल आदळल्या तर लंबवर्तुळाकार होऊ शकते. अलार आणि युरी टूम्रे या भावांनी १९७२ मध्ये अगदी थोड्या कणांच्या संगणकी गणितातून दाखवलं होतं की दीर्घिकांच्या लांबलचक शेपट्या निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या भरती-ओहोटीने निघतात. त्याला दुसरं काही लागत नाही.

आता मोजणी. समजा ताम्रसृती ०.०५ ला एक सर्पिल आहे, निम्मा प्रकाश सामावणारी त्रिज्या ५ किलोपार्सेक (१ किलोपार्सेक म्हणजे साधारण ३,२६० प्रकाशवर्षं). तिथे एक विकला (अंशाचा ३,६०० वा भाग) म्हणजे जवळपास १ किलोपार्सेक, म्हणजे ती ५ विकला दिसेल. तीच ताम्रसृती २ ला ठेवा. तिथे एक विकला म्हणजे ८.४ किलोपार्सेक, म्हणजे ०.६ विकला. हबलच्या ०.०६ विकलांच्या पिक्सेलवर फक्त १० पिक्सेल. शिवाय पृष्ठतेजस्विता, म्हणजे आकाशाच्या तेवढ्याच तुकड्यातून येणारा प्रकाश, (१+ताम्रसृती)च्या चौथ्या घाताने घटते. म्हणजे ०.०५ वरून २ वर नेताना ६६ पट, ४.६ प्रत (मॅग्निट्यूड). बाहेरची फिकट तबकडी आकाशाच्या गोंगाटात (नॉइजमध्ये) बुडते आणि उरतो तो फुगवटा आणि दोन-चार तेजस्वी गोळे. मग पोरं लिहितात, 'पूर्वी दीर्घिका लहान आणि वेड्यावाकड्या होत्या.' होत्याही असतील, पण या चित्रावरून ते सिद्ध होत नाही.

पाषाण_रोड

धागा छान. एक दुरुस्ती मात्र लगेच नोंदवतो. चौथा घात सगळ्या तरंगलांबींचा मिळून प्रकाश धरला तर. आपण मोजतो एबी प्रतीत, म्हणजे वारंवारतेच्या एककामागे. दीर्घिकेच्या स्वतःच्या चौकटीत तीच तरंगलांबी ठेवून तुलना केली तर घात तीन. तुमच्याच उदाहरणात ६६ ऐवजी २३ पट, म्हणजे ४.६ ऐवजी ३.४ प्रत. एका प्रतीहून जास्त फरक आहे, जवळची दीर्घिका दूर नेल्यासारखी कृत्रिम चित्रं बनवताना तो गिळता येत नाही.

त्यातही अर्धी भरपाई निसर्ग करतो. त्या काळचे तारे तरुण, म्हणून दीर्घिका मुळातच जास्त तेजस्वी. नुसतं अंधुक करून थांबलात आणि तेजाची वाढ धरली नाहीत, तर पुन्हा उलट्या बाजूला चूक.

आणि तरंगलांबीचा मुद्दा राहिलाच. हबलचा ८१४ नॅनोमीटरचा फिल्टर ताम्रसृती २ ला दीर्घिकेचा २७० नॅनोमीटरचा प्रकाश पकडतो. तो अतिनील. त्यात फक्त नवजात ताऱ्यांचे पुंजके चमकतात, म्हाताऱ्या ताऱ्यांची तबकडी दिसतच नाही. जवळच्या साध्यासुध्या सर्पिल दीर्घिकांची अतिनील चित्रं काढली तर त्याही फाटक्या दिसतात. १.६ मायक्रॉनला गेलात तर त्याच ताम्रसृतीला ५३० नॅनोमीटरचा दृश्य प्रकाश मिळतो. डिसेंबर १९९५ च्या हबल डीप फील्ड या खोल चित्रातल्या 'साखळ्या' आणि 'बेडूकमाशां'सारख्या दीर्घिकांपैकी किती खऱ्या, हा वाद त्यामुळेच इतकी वर्षं चालला. वेबचा २.७७ मायक्रॉनचा फिल्टर ताम्रसृती ४ ला ५५० नॅनोमीटर देतो. वेबने तिथे बघितलं तर हबलला विस्कटलेल्या वाटलेल्या कितीतरी दीर्घिका चक्क तबकड्या निघाल्या.

नियम सोपा आहे: प्रत्येक ताम्रसृतीच्या गटाला वेगळा फिल्टर, दीर्घिकेच्या चौकटीत ५०० ते ६०० नॅनोमीटरच्या आत राहील असा. एकच फिल्टर सगळीकडे वापरलेला प्रकल्प मी पुढे वाचत नाही.

चतुःशृंगी

घात तीनच धरून चाला, एबीसाठी तेच बरोबर. ०.०५ विरुद्ध २, फरक ३.४ प्रत.

मुळाकाठ

फिटिंगचं, म्हणजे दीर्घिकेच्या चित्रावर गणिती सूत्र बसवण्याचं, मी लिहिते, कारण विचारणा नेहमी तिथेच अडते.

बहुतेक जण सेर्सिकचं सूत्र (केंद्रापासून बाहेर प्रकाश कसा उतरतो ते) गॅलफिट या संगणक-कार्यक्रमाने बसवतात. सेर्सिक निर्देशांक १ म्हणजे घातांकी तबकडी, ४ म्हणजे ठरावीक लंबवर्तुळाकार दीर्घिकेची उतरण. पायमॉर्फ नावाची प्रणाली सोर्स एक्स्ट्रॅक्टर (चित्रातल्या वस्तू शोधणारा कार्यक्रम) आणि गॅलफिट एकामागोमाग चालवून शेकडो दीर्घिका एका दमात काढते. ती पुण्यातल्याच मंडळींनी (अजित केंभावी, योगेश वाडदेकर आणि सहकारी) २०१० मध्ये प्रसिद्ध केली. पण आधी दहा-वीस दीर्घिका हाताने करा. स्वयंचलित आकड्यांत कुठली दीर्घिका कधी बिघडली ते त्याशिवाय कळत नाही.

चित्रातून दीर्घिकेचा तुकडा कापताना त्रिज्येच्या किमान आठ-दहा पट रुंदी घ्या. घट्ट कापलेल्या तुकड्यात मोकळं आकाश उरत नाही आणि कार्यक्रम दीर्घिकेच्या कडेलाच आकाश समजतो. आकाशाची पातळी गॅलफिटला ठरवायला सोडू नका, शेजारच्या मोकळ्या जागेवरून स्वतः मोजून पक्की करा. आकाश थोडं जास्त धरलंत की दीर्घिकेचे पंख छाटले जातात, निर्देशांक खाली येतो, त्रिज्या आकसते. कमी धरलंत तर निर्देशांक ६-७ वर उडतो आणि त्रिज्या तुकड्यापेक्षा मोठी निघते. निर्देशांक, त्रिज्या आणि आकाश या तिघांची मिलीभगत असते, एकाला हलवलं की बाकीचे दोघे हलतात. निर्देशांकाला ०.२ ते ८ अशी मर्यादा घाला, आणि जी दीर्घिका मर्यादेला चिकटून बसली तिचा आकडा वापरूच नका. ती 'निर्देशांक ८ ची' नसते, तो फिट फसलेला असतो.

पीएसएफ (बिंदूएवढा तारा दुर्बिणीत पसरून कसा दिसतो ते चित्र) त्याच फिल्टरच्या त्याच जुळवलेल्या चित्रातल्या ताऱ्यांचा हवा. पाच-सहा एकटे, न डबडबलेले (पिक्सेल भरून न वाहिलेले) तारे घेऊन त्यांची सरासरी काढा. पीएसएफचा तारा पिक्सेलच्या मधोमध नसला तर उरलेल्या चित्रात (मूळ चित्र वजा फिट) दीर्घिकेच्या केंद्राशी काळ्या-पांढऱ्या जोडीचा डाग दिसतो. तो डाग दिसला की दीर्घिकेला दोष द्यायच्या आधी पीएसएफ तपासा. ताम्रसृती २ च्या आटोपशीर दीर्घिकांची त्रिज्या १ किलोपार्सेक, म्हणजे ०.१२ विकला असते, आणि हबलचं १.६ मायक्रॉनच्या फिल्टरमधलं प्रकाशबिंब तेवढंच किंवा थोडं मोठं. तिथे तर सगळी मदार पीएसएफवरच.

एककांचा घोळ सर्रास होतो. गॅलफिटला गोंगाटाचं चित्र स्वतः बनवू दिलंत तर त्याला उद्भासनाचा (एक्सपोजरचा) वेळ आणि गेन (एका मोजणीमागे किती इलेक्ट्रॉन) फाइलच्या शीर्षकातून लागतो आणि पिक्सेल मोजणीच्या एककात हवे असतात. सेकंदामागे इलेक्ट्रॉन असलेलं चित्र दिलंत आणि वेळ १ सेकंद राहिला, तर काय-वर्ग (फिट किती जुळला त्याचं माप, ते १ च्या आसपास हवं) ०.००१ वगैरे येतो. वेबची चित्रं मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन (घनकोनामागे प्रकाशप्रवाह) या एककात असतात. शून्यांक (पिक्सेलच्या आकड्यावरून प्रत काढायचा स्थिरांक) काढायचा तर उणे ६.१० मधून पिक्सेलच्या स्टेरेडियनमधल्या घनकोनाच्या लॉगॅरिदमची अडीचपट वजा करा. ०.०३ विकलांच्या पिक्सेलसाठी २८.०९ आलं तर गाडी रुळावर आहे. वेगळ्या पिक्सेलचं चित्र घेतलंत तर शून्यांक बदलतो. जुनाच ठेवला की सगळ्या प्रती सरसकट सरकतात आणि गंमत म्हणजे फिट दिसायला उत्तमच दिसतो.

लकडी_पूल

मुळाकाठताई, शेजारच्या दीर्घिकेला मास्क करायचं (तिचे पिक्सेल वगळायचे) की तिलाही सोबत बसवायचं? आणि सर्पिल भुजा नुसत्या सेर्सिकमध्ये कुठे जातात?

मुळाकाठ

शेजारीण तीन प्रतींनी किंवा त्याहून फिकट असेल तर मास्क. तिच्या कडा आपल्या दीर्घिकेवर चढत असतील तर दोघींना एकत्र बसवा. मास्क करून चढलेला प्रकाश जात नाही, फक्त नजरेआड होतो.

भुजा, दंड (केंद्रातून आरपार जाणारा ताऱ्यांचा पट्टा), भरतीच्या शेपट्या हे सगळं उरलेल्या चित्रात पडतं. आकाराचा अभ्यास खरा तिथे असतो! मूळ चित्रातून फिट वजा करून राहिलेलं चित्र प्रत्येक दीर्घिकेचं डोळ्याने बघा. विस्कटलेपणा आकड्यात हवा असेल तर स्टॅटमॉर्फ हा कार्यक्रम वापरा. दीर्घिका १८० अंशांत फिरवून वजा करायची ही जुनी असममितीची पद्धतही त्यात आहे. मात्र फिरवण्याचं केंद्र एक पिक्सेल चुकलं तरी धडधाकट दीर्घिका 'विलीन होणारी' ठरते, आणि गोंगाटाची असममिती वजा केली नाही तर प्रत्येक फिकट दीर्घिका विलीन होत असते.

खोडद_फाटा

तुम्ही सगळे ताऱ्यांच्या प्रकाशात अडकलात. आकार कशाने बदलतो हे विचारलं तर उत्तर वायूत आहे. तबकडी तयार होते ती बाहेरून आत पडणाऱ्या वायूच्या कोनीय संवेगामुळे (फिरण्याच्या जोरामुळे). तो वायू येत राहिला तर दीर्घिका सर्पिल राहते, आटला तर थंडावते. आणि या वायूची नाडी बघायची जागा आपल्याच जिल्ह्यात आहे.

अणुरूप हायड्रोजनची रेडिओ रेषा १४२०.४ मेगाहर्ट्झला. ताम्रसृती १ ला ती ७१० ला सरकते. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा (४५ मीटरच्या ३० अँटेना, टोकाटोकाचं अंतर २५ किलोमीटर) ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा पट्टा ताम्रसृती ०.६७ ते १.५८ झाकतो. एकेका दीर्घिकेची रेषा इतक्या लांबून गोंगाटात दिसत नाही, म्हणून वर्णपट एकमेकांवर रचतात. २०२० मध्ये पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलसंस्थेच्या आणि बंगळुरूच्या चमूने सरासरी ताम्रसृती १.०३ च्या ७,६५३ दीर्घिका अशा रचून सरासरी १,२०० कोटी सूर्यांएवढा अणुरूप हायड्रोजन मोजला. ज्या वेगाने तिथे तारे बनत होते त्या वेगाने तो साठा दीडशे कोटी वर्षांत फस्त व्हावा. बाहेरून भर पुरेशी पडली नाही तर दुकान बंद. ताम्रसृती १ नंतर ताऱ्यांची निर्मिती का मंदावते, याचं हे सरळ गणित.

रचताना काय बिघडतं? प्रत्येक दीर्घिकेची प्रकाशीय ताम्रसृती अचूक हवी. शंभर-दोनशे किलोमीटर प्रति सेकंदांची चूक असली की रेषा पसरून बुटकी होते आणि गोंगाटात मिसळते. नुसत्या रंगांवरून काढलेल्या अंदाजी ताम्रसृती इथे कुचकामी, त्यांची चूक हजारो किलोमीटर प्रति सेकंदांची असते. रेडिओ प्रतिमेची तीक्ष्णताही बेताची ठेवायची. फार तीक्ष्ण ठेवली तर दीर्घिकेबाहेर पसरलेला हायड्रोजन निसटतो, फार बोथट ठेवली तर शेजारणीचा मिसळतो.

पाषाण_रोड

खोडद_फाटा, वायू महत्त्वाचा हे मान्य, पण 'आटला' म्हणून सोडून देता येणार नाही. का आटला? १ लाख कोटी सूर्यांएवढं प्रभामंडळ (दीर्घिकेभोवतीचा कृष्णपदार्थाचा घेर) झालं की आत पडणारा वायू धक्क्याने तापतो आणि थंड व्हायला फार वेळ घेतो. वर केंद्रातलं कृष्णविवर त्याला तापवत ठेवतं. दीर्घिकांच्या समूहात आणखी वेगळं: समूहातला तप्त वायू वाऱ्यासारखा दीर्घिकेवर आदळून तिचा वायू खरवडून नेतो. गन आणि गॉट यांनी १९७२ मध्ये तो दाब काढायचं सूत्र दिलं, घनता गुणिले वेगाचा वर्ग. आकाराचा फरकही वेगवेगळा पडतो. खरवडलेल्या सर्पिलची तबकडी शाबूत राहते, फक्त भुजा विझतात. आदळून झालेल्या दीर्घिकेची तबकडीच मोडते.

खोडद_फाटा

आदळली की मोडतेच असंही नाही. दोघींत वायू भरपूर असेल तर विलीन झाल्यावर उरलेल्या वायूतून तबकडी पुन्हा बसते. आपल्या आकाशगंगेतच बघा. सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी गाया-एन्सेलाडस नावाची बरीच मोठी दीर्घिका तिच्यात पडली, गाया या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांतून २०१८ मध्ये ते उघड झालं. तबकडी आजही आहे.

लकडी_पूल

लंबवर्तुळाकार दीर्घिकांचं 'पाचपट मोठ्या झाल्या' असं वाचलं होतं. तारे बनणं थांबल्यावर दीर्घिका मोठी कशी होते?

चतुःशृंगी

या धाग्याचा खरा पेच हाच. ५,००० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाला ताम्रसृती २ ची थंडावलेली दीर्घिका आजच्या तशाच दीर्घिकेच्या पाचव्या हिश्शाएवढी असते. तबकडीवाल्या तेवढ्या काळात दुपटीहून थोड्या जास्तच वाढतात. थंडावलेल्यांच्या वाढीची दोन कारणं आहेत आणि दोन्ही एकाच आलेखात मिसळून येतात.

पहिलं खरंखुरं वाढणं. आपल्याएवढीच दीर्घिका येऊन मिळाली तर वस्तुमान दुप्पट आणि त्रिज्याही साधारण दुप्पट. तेवढंच वस्तुमान बिनवायूच्या बारक्या-बारक्या दीर्घिकांच्या रूपाने आलं तर त्रिज्या चौपट होऊ शकते, कारण बारक्यांचे तारे सैल असतात आणि बाहेरच्या बाजूला पसरतात. गाभा तसाच राहतो, भोवती घेर चढतो.

दुसरं निव्वळ हिशेबाचं. मागाहून थंडावलेल्या दीर्घिका मुळातच मोठ्या होत्या, त्या गटात आल्या आणि सरासरी वाढली. एकही दीर्घिका न वाढता सरासरी वाढते. वर्गात नवी उंच मुलं आली म्हणून जुनी मुलं उंच होत नाहीत.

हे वेगळं काढायला 'समान वस्तुमान' सोडा आणि 'समान संख्या-घनता' घ्या. दर घन मेगापार्सेकमागे सर्वांत जड अमुक इतक्या दीर्घिका, हाच क्रमांक प्रत्येक काळात. विलीनीकरणाने क्रम थोडा उलटसुलट होतो, पण समान वस्तुमानापेक्षा पुष्कळ बरं. आज ५,००० कोटी सूर्यांच्या असलेल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांचे पूर्वज असे शोधले तर ताम्रसृती २.५ ला त्या आजच्या दहाव्या हिश्शाएवढ्याच निघतात. समान वस्तुमानाने शोधणारा तिथे दुसऱ्याच कुळातल्या दीर्घिका पकडून बसतो.

मुळाकाठ

भर घालते. दीर्घिकेचं केंद्र लालसर आणि कडा निळसर असतात, म्हणून प्रकाशाची त्रिज्या वस्तुमानाच्या त्रिज्येपेक्षा मोठी निघते, आणि हा फरक स्वतःच काळानुसार बदलतो. दोन-तीन फिल्टरांतून रंगाचा उतार काढून वस्तुमानाची त्रिज्या मोजलीत तर वाढ बरीच सौम्य होते. 'पाचपट'मधला काही भाग रंगाचा आहे.

कात्रज_घाट

अलकनंदाबद्दल कुणीच बोललं नाही? एनसीआरएच्या संशोधकांनी वेबच्या चित्रांत शोधलेली ती सर्पिल?

पाषाण_रोड

आबेल २७४४ या समूहाच्या दिशेला, ताम्रसृती ४ च्या आसपास, म्हणजे विश्व अवघं दीडशे कोटी वर्षांचं असताना. दोन स्वच्छ भुजा, सुमारे ३०,००० प्रकाशवर्षं रुंदी, ताऱ्यांचं वस्तुमान १,००० कोटी सूर्यांच्या घरात. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बातम्या आल्या. इतक्या लवकर तबकडी इतकी निवलेली असेल अशी अपेक्षा नव्हती. मात्र एका नमुन्यावरून 'सर्व सिद्धान्त कोसळले' म्हणणाऱ्या व्हिडिओंकडे दुर्लक्ष करावं. भुजा दिसणं एक आणि तबकडी खरंच शिस्तीत फिरतेय हे वर्णपटावरून दाखवणं दुसरं. पुढचं काम ते.

कात्रज_घाट

यातलं पुण्याजवळून ८ इंची दुर्बिणीतून काही दिसतं का?

लकडी_पूल

हस्त नक्षत्राशेजारच्या अँटेना दीर्घिका, एनजीसी ४०३८ आणि ४०३९. क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) उणे १९ अंश, म्हणजे पुण्याहून मध्यावर ५२-५३ अंश उंच येतात. एप्रिलमध्ये रात्री दहा-अकराच्या सुमाराला. ८ इंचीत वाकडा अंधुक ठिपका दिसेल, शेपट्या नाहीत. त्यांना अंधारं आकाश आणि कॅमेऱ्याने काही तासांचं एकत्रित उद्भासन लागतं. शहरातून नाद सोडा. सेंटॉरस-अ मात्र दक्षिणेला २८ अंशांवर येते, दक्षिण क्षितिज मोकळं असेल अशी जागा बघा. लंबवर्तुळाकार दीर्घिकेवर आडवा गेलेला धुळीचा पट्टा, गिळलेल्या दीर्घिकेची खूण, तो ८ इंचीत अंधाऱ्या जागेवरून जाणवतो.

माझा शेवटचा प्रश्न: प्रकल्पाला किती दीर्घिका पुरतात?

मुळाकाठ

काय विचारताय त्यावर. ४० पैकी १२ मध्ये दंड दिसला तर ३० टक्के, अधिक-उणे ७. दुसऱ्या काळात २२ टक्के आले तर 'दंड वाढले' असं लिहिता येत नाही. गटामागे दोनशे तरी घ्या, मग चूक तीन टक्क्यांवर येते. आणि त्या एकाच छोट्या चित्रातून घेऊ नका. वेबच्या कॅमेऱ्याच्या एका मॉड्यूलचं २.२ कलांचं (एक कला म्हणजे ६० विकला) चित्र ताम्रसृती २ ला जेमतेम १.१ मेगापार्सेक रुंद असतं, त्यात एखादा बनू घातलेला समूह सापडला तर सगळा गट त्याच वस्तीचा होतो. आकाशातली तीन-चार वेगवेगळी क्षेत्रं घ्या आणि प्रत्येकाचा निकाल आधी वेगळा काढा. त्यांच्यात आपापसात जेवढी तफावत येते, तुमची खरी चूक किमान तेवढी धरा.